दुभत्या म्हशीसाठी सरकी ढेप, तूर चुनी आणि सोयाबीन पेंड यांपैकी अधिक पौष्टिक काय?

घरी दोन म्हशी आहेत, ढेप परवडेनाशी झाली आहे आणि शेजारी म्हणतात की चुनीवर म्हैस आटते, तर खरे काय, असे आपण विचारले आहे. मी अकोट तालुक्यात 22 वर्षांपासून म्हशी राखतो. ‘चुनीवर म्हैस आटते’ हे वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आधी आकडे. टरफलासह गाळलेल्या, म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या सरकी ढेपेत कच्ची (म्हणजे एकूण) प्रथिने साधारण 20 ते 24 टक्के असतात. तेल काढून घेतलेल्या सोयाबीन पेंडीत ती 44 ते 48 टक्के भरतात. तूर चुनी बहुधा 12 ते 18 टक्क्यांत बसते. डाळ मिलमधून तुकडा आणि पावडर जास्त आली तर वर, नुसते टरफल आले तर याहूनही खाली. भाव पोत्याचा नव्हे, प्रथिनांचा काढावा. समजा ढेप 35 रुपये किलो आणि प्रथिने 22 टक्के, तर किलोभर प्रथिने 159 रुपयांना पडतात. चुनी 24 रुपये आणि 16 टक्के, तर 150 रुपयांना. सोयाबीन पेंड 45 रुपये आणि 46 टक्के, तर 98 रुपयांना. आपल्या बाजारातले भाव घालून हा हिशेब स्वतः करावा. आमच्या घरी तो कोणी करू दिला नाही.

वडिलांच्या पश्चात गोठा आम्हा दोघा भावांचा एकत्र होता. कापसाच्या मुलुखात ढेपेचा मान मोठा; वायदे बाजारातही तिचा व्यवहार अकोल्याच्या नावाने होतो, मग आमच्या ओसरीवर तिच्यापुढे चुनीचे काय चालणार? तरीही मी हट्टाने निम्मी ढेप आणि निम्मी चुनी सुरू केली. त्याच उन्हाळ्यात कडबा महागला, म्हणून दादांनी वैरण कमी करून ढेप वाढवली. महिनाभरात संकलन केंद्रावरचे दुधाचे फॅट 7.2 टक्क्यांवरून 6.1 वर आले आणि दादांनी केंद्रावरच, चार माणसांदेखत, चुनीला आणि मला दोष दिला. वास्तविक दुधातल्या फॅटचा मोठा भाग ज्या आम्लापासून तयार होतो, ते पोटात वैरणीतला तंतू आंबून बनते. वैरण तोडली की फॅट उतरणारच, मग आंबोणात, म्हणजे ढेप-चुनीच्या खुराकात, काहीही घाला.

मला मात्र त्या ढेपेचाच संशय होता. मी अर्धा किलो ढेप जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, रात्रभर भिजवली. सकाळी पाणी ओतून लगदा हाताने थोडा थोडा काढत गेलो, तेव्हा तळाशी बारीक रेती लागली. बोट फिरवले की ती गंजाला घासून किरकिर वाजत होती. लगद्यात रुईचे तंतू चिकटलेली काळी सरकीची टरफले असणे ठीकच, परंतु त्यांत शेंगदाण्याच्या फोलाचे तपकिरी, जाळीदार तुकडेही होते. नमुना तपासून घेतला तर प्रथिने जेमतेम 15 टक्के निघाली. म्हणजे ढेपेच्या भावाने आम्ही चुनीइतकीच प्रथिने आणि वर रेती विकत घेत होतो. अहवाल वाचून दादा म्हणाले, “त्या साहेबाने कधी म्हशीची धार काढली आहे काय?”

पुढे वाटण्या झाल्या. मी माझ्या दोन म्हशींना पारखून घेतलेली ढेप, चुनी आणि थोडी सोयाबीन पेंड असे मिश्रण दिले, ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार (भुसा) पोटभर ठेवले, आणि फॅट पुन्हा 7 वर गेले. त्यांतल्या एका म्हशीचे वेत संपत आले होते, त्यामुळे तिचे फॅट तसेही चढलेच असते. हे दादांना मी अद्याप सांगितलेले नाही.

तेव्हा आपण ढेप पूर्ण बंद करू नये, कारण तिच्यातल्या प्रथिनांचा बराच भाग कोठीपोटात (वैरण आंबते त्या पहिल्या पोटात) न मोडता पुढे आतड्यात जाऊन पचतो आणि शिल्लक राहिलेले तेल ऊर्जा देते. ती निम्म्यावर आणून उरलेली जागा चुनी आणि सोयाबीन पेंडीने भरावी. दर 2 लिटर दुधामागे 1 किलो आणि शरीरपोषणासाठी वेगळे किलो-दीड किलो आंबोण, हे प्रमाण म्हशीला चालते. बदल एकदम न करता 8 ते 10 दिवसांत करावा. आपण भंडारा-गोंदियाकडचे असाल तर भाताचा कोंडाही स्वस्त पडेल, पण तेल न काढलेला कोंडा काही दिवसांतच खवट होतो. कोंड्यात आणि गव्हाच्या चोकरात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम फार कमी असते, म्हणून प्रत्येक म्हशीला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नये.

आधीच सांगायला हवे होते ते असे की सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. मोठ्या जनावराचे कोठीपोट ते बरेचसे निष्प्रभ करते, पण लहान वगारांना (म्हशीच्या पिलांना) ढेप देऊ नये. कच्चे सोयाबीन भरडून घालत असाल तर त्याच आंबोणात युरिया कधीही मिसळू नये. बुरशी लागलेली ढेप स्वस्त मिळाली तरी उकिरड्यावर टाकावी, कारण तिच्यातले अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधात उतरते.

दादांच्या गोठ्यात गेल्या दिवाळीपासून चुनीचे पोते दिसते. ते शेळ्यांसाठी आणले आहे, असे ते सांगतात. शेळ्या दोनच आहेत आणि पोते दर पंधरा दिवसांनी नवे येते.