इतिहास शिकवायला लॅपबुकचा खरंच उपयोग होतो का, की नुसती कापाकापी?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या मुलीला घरीच शिकवताय, इतिहासाचं पुस्तक उघडलं की ती कंटाळते, कुणीतरी लॅपबुक सुचवलं, म्हणजे दुमडलेल्या पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये एका विषयाच्या छोट्या पुस्तिका, उघडझाप करता येणाऱ्या कागदी झडपा आणि खिसे चिकटवायचे, पण घरातली मोठी माणसं म्हणतायत की ही कापाकापी आणि चिकटवाचिकटवी आहे, अभ्यास नव्हे. शिवाय एका विषयाला किती दिवस द्यायचे आणि तयार टेम्प्लेट कुठली घ्यायची हेही विचारलंय.

उपयोग होतो. अगदी नक्की होतो. मी दोन्ही मुलांना घरीच शिकवते आणि आमचा इतिहास जवळजवळ सगळा लॅपबुकवरच झालाय. पण "कापाकापी" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, कारण हाच शब्द आमच्या मोठ्या दिरांनी सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर वापरला होता, आणि ते कुणी ऐरेगैरे नाहीत, सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेलेला माणूस. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

धाकटा तेव्हा तुमच्या मुलीएवढाच होता, विषय सिंधू संस्कृती. फोल्डर दुमडून झाला, आत नकाशा चिकटवला, हडप्पा, मोहेंजोदडो, लोथल, धोलावीरा, कालीबंगा असे ठिपके दिले, इथवर कुणीही करतं. मग मुद्रांचा भाग आला. त्या मुद्रा म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरचे चौकोन, स्टिएटाइट नावाच्या मऊ दगडात कोरलेले, वर चिन्हांची एक ओळ आणि खाली प्राणी, बहुतेक वेळा तो एकशिंगी. चित्राची प्रिंट काढून, रंगवून चिकटवता आली असती, पंधरा मिनिटांचं काम. त्याऐवजी मी त्याला अंगाच्या साबणाचा एक चौकोन कापून दिला आणि म्हटलं, तुझी मुद्रा कर.

त्यानं टूथपिकनं प्राणी कोरला, वर स्वतःचं नाव कोरलं, मळलेल्या मातीवर दाबलं आणि नाव उलटं उमटलं. भयंकर चिडला. साबणच खराब आहे म्हणाला. मी एक अक्षर बोलले नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तिथे आपण "अरे उलटं कोरायचं असतं" म्हणून मोकळे झालो की सगळं तिथेच संपतं. थोड्या वेळानं तो उठला, नाव कागदावर लिहून आरशासमोर धरलं, आरशात दिसलं तसं उलटं उतरवून घेतलं आणि साबणाच्या मागच्या बाजूवर पुन्हा कोरलं. या वेळी ठसा बरोबर आला, फक्त शेवटची दोन अक्षरं एकमेकांवर चढली होती, कारण साबणाची कड आली आणि जागाच उरली नाही. आणि मग विचारतो कसा, "म्हणजे आई, त्या लोकांनीपण उलटं कोरलं होतं? मग पुस्तकातला फोटो मुद्रेचा आहे का ठशाचा?"

आता बघा यातून काय काय निघालं. उलटं कोरलंय म्हणजे ती वस्तू नुसती जवळ बाळगायची नव्हती, ठसा मारायची होती. ठसा कशावर मारायचे? लोथलला मातीचे ठसे सापडलेत, त्यांच्या मागच्या बाजूला कापडाचे आणि दोरीचे वळ उमटलेले आहेत, म्हणजे माल बांधून गाठीवर ओली माती लावायची आणि त्यावर मुद्रा दाबायची. आम्हीही फडक्याची एक मोटली बांधली, गाठीवर माती थापली, ठसा मारला, वाळल्यावर सोडवून मागे बघितलं तर सुताचा धागान् धागा दिसत होता. तो तुकडा लॅपबुकच्या खिशात गेला.

आणि ती चेपलेली दोन अक्षरं! सिंधू लिपी आजवर सगळ्यांना मान्य होईल अशी कुणालाही वाचता आलेली नाही, चिन्हं साधारण चारशे, लेख इतके त्रोटक की सरासरी पाचेक चिन्हांचे. तरीही ती बहुतेक ठिकाणी उजवीकडून डावीकडे लिहिलेली आहे असं अभ्यासक म्हणतात. न वाचता हे कसं कळलं? एक पुरावा असा की काही ठशांमध्ये डाव्या टोकाची चिन्हं दाटीवाटीनं कोंबलेली दिसतात, म्हणजे लिहिणाऱ्याची जागा तिथे संपत आली होती. हे मी सांगितलं आणि पोरानं आपल्या ठशातल्या त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. "माझ्यासारखं झालं त्याचं!" साडेचार हजार वर्षांपूर्वीचा एक कारागीर त्याला त्या क्षणी माणूस म्हणून कळला. मला सांगा, हे कुठल्या स्वाध्यायात होतं?

तर भाऊजी आले होते तेव्हा पोरगा धावत लॅपबुक घेऊन गेला. त्यांनी उघडून बघितलं, छान आहे म्हणाले, हात चांगला आहे याचा, आणि मग, "आता सिंधू संस्कृतीची पाच वैशिष्ट्यं सांग." त्यानं नगररचना सांगितली, सांडपाण्याच्या गटारी सांगितल्या, विटा सांगितल्या आणि विटांवर आला तो तिथेच रमला, की काका, त्यांच्या विटांची लांबी, रुंदी, जाडी चारास दोनास एक असते, 28 सेंटिमीटर लांब तर 14 रुंद आणि 7 जाड, आम्ही पुठ्ठ्याची केलीय, थांबा दाखवतो. भाऊजी म्हणाले, "पाच विचारली मी." मग मोहेंजोदडोला सापडलेल्या, पुरोहित-राजा म्हणतात त्या पुतळ्याचं चित्र दाखवून विचारलं हा कोण. पोरगा म्हणाला, "माहीत नाही कोणालाच. पुरोहित-राजा हे नाव नंतरच्या लोकांनी दिलंय, तो पुरोहित होता का राजा होता याला पुरावा नाहीये." यावर भाऊजी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, मुलांना हे असं "माहीत नाही" शिकवायचं नसतं, परीक्षेत काय लिहिणार तो? वर्ष वाया घालवताय याचं कापाकापीत.

मी त्या दिवशी वाद घातला आणि नंतरही घालत आले. माझं म्हणणं एवढंच आहे की "माहीत नाही, आणि का माहीत नाही ते सांगतो" हे इतिहासातलं सगळ्यात कठीण उत्तर आहे आणि ते नऊ वर्षांच्या मुलानं दिलं. पाच वैशिष्ट्यं पाठ करणारं मूल वाईट नाही, पण त्याला विचारून बघा ही पाच कुणी ठरवली, कशावरून ठरवली. भाऊजींनी अनेक बॅचेसना ती पाच लिहून दिली असतील, मान्य, कष्ट मान्य, पण त्यातल्या किती जणांना शाळा संपल्यावर इतिहासाचं एखादं पुस्तक आपणहून उघडावंसं वाटलं, हा माझा प्रश्न तेव्हाही होता आणि त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तर अट काय, तेही सांगते. झडपेवर प्रश्न हवा आणि तो मुलाचा हवा. झडपेखाली "काय सापडलं" आणि "त्यावरून काय म्हणता येतं" हे दोन वेगळे भाग हवेत. आणि एक खिसा कायम "अजून माहीत नाही"चा हवा, त्यात चिठ्ठ्या टाकत राहायच्या. बाकी घड्या कशा घालायच्या, चाक कसं फिरवायचं, पंखा-पुस्तिका की जिना-पुस्तिका, त्याचे हजार व्हिडिओ आहेत, त्यात मी पडत नाही. पुस्तिका कमी झाल्या तरी चालतील, रिकामी माहिती कोंबू नका.

म्हणूनच तयार टेम्प्लेट नको. स्पष्ट सांगते, त्यात शीर्षकं छापलेली असतात, रेघा आखलेल्या असतात, मुलानं फक्त कापायचं, रंग भरायचा आणि उत्तर रेघेवर लिहायचं. ती खरोखरच कापाकापी आहे, त्याबाबतीत तुमच्या घरच्यांचं बरोबर आहे. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे मुलानं ठरवण्यातच सगळा अभ्यास आहे, आणि नेमकं तेच टेम्प्लेट बनवणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलेलं असतं.

कालरेषा मात्र चुकवू नका आणि ती मापात करा. आम्ही 100 वर्षांना 1 सेंटिमीटर धरला. सिंधू संस्कृतीचा भरभराटीचा काळ इ.स.पू. 2600 ते 1900, म्हणजे 7 सेंटिमीटर. त्यानंतर 1921 मध्ये हडप्पाला आणि 1922 मध्ये मोहेंजोदडोला उत्खनन सुरू झालं, म्हणजे मध्ये 38 सेंटिमीटरची पट्टी! आणि तिथून आजपर्यंत जेमतेम 1. पंख्यासारख्या घड्या घालून ती फोल्डरमध्ये बसते. पोरानं पट्टी उलगडली आणि विचारलं, या मधल्या एवढ्या भागात त्यांचं काय लिहू? बाकी जगाचं लिहिण्यासारखं खूप होतं, पण या शहरांची कुणाला आठवणच नव्हती हे त्याला त्या लांबीवरून दिसलं. मग मोठ्या मुलीनं शोधून काढलं की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लाहोर-मुलतान रेल्वेमार्गाच्या भरावासाठी हडप्पाच्याच विटा काढून नेल्या होत्या, कुणाच्या आहेत हे न कळता. ती खूण 38 सेंटिमीटरच्या जवळजवळ शेवटाला, शेवटच्या सेंटिमीटरमध्ये आली. धाकट्याला त्या दिवशी खरोखर राग आला होता रेल्वेवाल्यांचा, आणि इतिहासाचा राग येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

तसंच वस्तूंची मापं खरी घ्या. मोहेंजोदडोची ती ब्राँझची नर्तकी पुस्तकात अख्खं पान व्यापते, प्रत्यक्षात 10.5 सेंटिमीटर आहे. तेवढीच कापून चिकटवा. मुलं म्हणतात, एवढीशीच? हो, एवढीशीच. नर्तकी हे नावही नंतरचंच बरं का, ती नाचतेय हे आपण म्हणतोय. वजनंसुद्धा करण्यासारखी आहेत, चर्ट दगडाचे ठोकळे, एकाच्या दुप्पट दुसरं, 1, 2, 4, 8, 16, 32, 64 अशी चढत जाणारी, त्यातलं नेहमी सापडणारं साधारण 13.6 ग्रॅमचं. मातीचे करू नका, माती वाळली की हलकी होते, पुठ्ठ्याच्या डब्यांत वाळू भरून करा. गणितही होऊन जातं.

वेळेचं म्हणाल तर दोन-तीन आठवडे एका विषयाला, रोज तासभर, त्याहून लांबवलं की मुलंच कंटाळतात. वाचन आधी, कात्री नंतर. हा क्रम उलटा झाला की पुन्हा हस्तकलाच होते.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. सगळा इतिहास लॅपबुकमध्ये बसत नाही. ज्या विषयात वस्तू आहेत तिथे ते उत्तम, म्हणजे सिंधू, इजिप्त, छपाईचा शोध वगैरे. पण फ्रेंच राज्यक्रांतीसारखा विषय, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं चालणारा, तो झडपांमध्ये तुटून जातो, 1789 एका खिशात आणि धान्याची टंचाई दुसऱ्या खिशात असं होतं आणि जोडणारा धागा दिसतच नाही. तिथे गोष्ट सांगा, वाद घाला, मग मुलाकडून सलग दोन पानं लिहून घ्या. लिहून घेणं तर प्रत्येकच लॅपबुकनंतर करा, नाहीतर मूल दाखवायला शिकतं, मांडायला शिकत नाही. भाऊजींच्या म्हणण्यातलं एवढं मी घेतलंय, आमच्याकडे आता लॅपबुक पूर्ण झालं की ते बंद करून समोरच्याला सगळं तोंडी सांगायचं असा नियम आहे, सनावळीसकट. बारा-तेराच्या पुढे मुलं स्वतःच वहीकडे वळतात, आमची मोठी वळली, तेव्हा ओढून धरू नका. आणि कात्रीचा मनापासून कंटाळा असलेलं मूलही असतं, त्याच्यावर हे लादू नका, त्याला नकाशे द्या.

तुमच्या घरच्यांना पटवायला जाऊ नका. लॅपबुक झालं की त्यांना समोर बसवा आणि मुलीला त्यांना प्रश्न विचारू दे, तिनं नाही, त्यांनी उत्तरं द्यायची. पुरोहित-राजापासून सुरुवात करायला हरकत नाही.

साबण नवा, मऊ घ्या. जुना वाळलेला असला की कोरताना तडकतो.