क्रूझ कंट्रोल बसवताना आधी तो सुटतो कसा ते पाहा

लांबच्या रायडिंगमध्ये उजवं मनगट भरून येतं, म्हणून बाइकला बाहेरून क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी यंत्रणा) बसवायचाय आणि थ्रॉटल लॉक घ्यावा की सर्वोवाला, म्हणजे थ्रॉटल यंत्राने ओढणारा, पूर्ण किट, असं तुम्ही विचारलंय. गाडी फ्यूएल इंजेक्शनची, पण थ्रॉटल केबलचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. किट वेग किती छान धरतो हे नंतर बघा. तो किती मार्गांनी सुटतो आणि किती झटकन सुटतो, यावर निवड करा.

थ्रॉटल लॉक, म्हणजे काओको, ॲटलस वगैरे ब्रँडचे, वेग धरत नाही, फक्त मूठ आहे तिथे धरून ठेवतो. चढ लागला की गाडी मंदावते, उतारावर पळायला लागते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर बोटं मोकळी करायला मात्र तो पुरतो आणि बसवायलाही सोपा. कसोटी एकच: लॉक लागलेला असताना मनगटाच्या नेहमीच्या हालचालीने मूठ पूर्ण बंद झाली पाहिजे. जोर करावा लागत असेल तर घर्षण कमी करा. मूठ सोडली की स्प्रिंगने परत येणं ही गाडीतली मूळ सुरक्षा आहे आणि लॉक नेमकी तीच काढून घेतो.

आता खरा क्रूझ कंट्रोल. यात वेगाचा सिग्नल वाचणारा कंट्रोलर असतो, थ्रॉटल ओढणारा सर्वो असतो आणि क्रूझ तोडणारे स्विच असतात. मॅकक्रूझसारखे किट मॉडेलनुसार बनवलेले असतात. ऑडिओव्हॉक्सचा सीसीएस-१०० मुळात कारसाठीचा. कित्येक रायडर्सनी तो बाइकला बसवला, पण त्याचं उत्पादन बंद झालंय. असा युनिव्हर्सल किट घेणार असाल तर पुढचं नीट वाचा.

ब्रेकपासून सुरुवात करा. कंट्रोलर ब्रेक लाइटच्या वायरवर नजर ठेवतो. ब्रेक दाबला नसताना त्याला त्या वायरमधून, दिव्याच्या फिलामेंटमार्गे, अर्थिंग मिळावं लागतं. मागे एलईडी दिवा असेल तर ते अर्थिंग मिळत नाही आणि क्रूझ लागतच नाही. मग लोक तासन्‌तास सर्वो उघडून बसतात. उपाय साधा आहे, पाच पिनांचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. ब्रेक सुटलेला असताना रिलेच्या नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेल्या) पिनेतून कंट्रोलरला अर्थिंग द्या, आणि ब्रेक दाबला की तिथे बारा व्होल्ट येऊ द्या. जोडल्यावर मल्टिमीटर लावून पुढचा लिव्हर आणि मागचं पेडल, दोन्ही वेगवेगळे तपासा. पुष्कळदा मागचा स्विच उशिरा लागतो. पेडल खाली गेल्यावर दिवा लागत असेल तर ब्रेक धरायच्या आधी तो लागेल असा स्विच वर घ्या.

क्लचचा स्विच ऐच्छिक समजू नका. क्रूझ चालू असताना क्लच दाबला तर इंजिनवरचा भार जातो, सर्वोने थ्रॉटल उघडा धरलेलाच असतो, आणि आरपीएम एकदम रेड लाइनकडे, म्हणजे इंजिनच्या कमाल मर्यादेकडे, धावतात. काही कंट्रोलर इग्निशनच्या सिग्नलवरून हे ओळखून सुटतात, पण मला तिथे वेगळा स्विच हवाच. शिवाय हँडलवर, अंगठा पोचेल तिथे, कंट्रोलरचा वीजपुरवठाच तोडणारं बटण ठेवा.

इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवा ओढण्याच्या ताकदीवर) चालणारा सर्वो असेल तर इंजिनची ठेवण बघा. सिंगल सिलिंडरचा व्हॅक्यूम ठोक्याठोक्याने येतो, आणि चढावर थ्रॉटल जास्त उघडला की तो घटतो, म्हणजे सर्वोला ताकद हवी तेव्हाच ती कमी पडते. म्हणून मध्ये चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि छोटी हवाबंद टाकी लागतेच. नळ्या सायलेन्सरपासून लांबून फिरवा.

केबल जोडताना सर्वो पूर्ण सैल असताना तिच्यात किंचित ढील राहिली पाहिजे. थ्रॉटलची झडप तिच्या स्टॉपवर टेकतेय की नाही, ते वाकून डोळ्यांनी बघा, नुसत्या हाताच्या अंदाजावर सोडू नका. मग इंजिन न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. आरपीएम जरासुद्धा चढले तर केबल ताणली जातेय; तिचा मार्ग बदला.

वेगाचा सिग्नल स्पीडोमीटरच्या वायरवरून घ्या, एबीएस सेन्सरच्या वायरी कापू नका. पुढच्या चाकाचा सिग्नल असेल तर एक धोका लक्षात ठेवा: मागचं चाक घसरून गाडीचा वेग पडला, तर कंट्रोलर थ्रॉटल आणखी उघडतो. त्यामुळे पावसात, खडीवर, वळणांच्या घाटात क्रूझ बंदच.

पहिली चाचणी स्टँडवर मागचं चाक फिरवून करू नका. भार नसताना इंजिन फार चटकन चढतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. स्टँडवर इंजिन बंद ठेवून फक्त स्विच आणि वायरिंग तपासा. मग रिकाम्या सरळ रस्त्यावर मध्यम वेगाला क्रूझ लावा आणि लगेच पुढच्या ब्रेकने सोडवा. पुन्हा लावा, मागच्या ब्रेकने सोडवा; मग क्लचने, मग बटणाने. चारही मार्ग चालले की मगच वेग झुलतो का, सेन्सिटिव्हिटी कमी करावी का, ते बघत बसा.

तुमच्या गाडीला क्लच लिव्हरवर मूळचा स्विच आहे का आणि मागचा दिवा एलईडी आहे का, एवढं बघून सांगा. त्यावरून रिले कुठे बसवायचा ते ठरवता येईल.