बडोद्याला नर्स म्हणून येताना

एएनएम (सहायक नर्स-दाईचा कोर्स) करून लग्नानंतर बडोद्याला येतेयस, तर घाबरू नकोस. इथे काम मिळतं, फक्त क्रम चुकवू नकोस. आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा ना-हरकत दाखला, मग गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. बहुतेक मुली आधी बिऱ्हाड हलवतात आणि मग कागदांसाठी मुंबईच्या फेऱ्या मारतात. तोवर एखादं छोटं नर्सिंग होम 'ट्रेनी' म्हणून ठेवतं, आणि त्या पगारावर मुलगी अडकून पडते.

पगाराचं बोलताना लाजायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने ५० खाटांखालच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. ती सगळीकडे पाळत नाहीत, तरी आकडा माहीत असू दे. मुलाखतीत एवढं विचारच:

- पीएफ कापून हातात किती येणार?
- महिन्याला रात्रपाळ्या किती?
- मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार का? हो म्हणाले तर सरळ उठून ये.

इथल्या दांडिया बाजार भागात मराठीवर भागतं, वॉर्डात नाही. "क्यां दुखे छे?" इथपासून गुजराती आत्ताच सुरू कर. सरकारी भरतीचं नंतर बघू, आधी नोंदणी होऊ दे.