सांध्यांचा आजार फुफ्फुसात कसा पोहोचतो?
आईंना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, मग पर्वती चढताना दम आणि कोरडा खोकला का, असं तुम्ही विचारलंय. या आजारात प्रतिकारपेशी सांध्यांपुरत्या थांबत नाहीत. त्यातल्या बी-पेशी शरीरातल्याच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध अँटी-सीसीपी नावाची अँटिबॉडी (प्रतिपिंडं) तयार करतात. काहींच्या फुफ्फुसात या पेशींचे पुंजकेच सापडतात. टी-पेशी हा प्रतिकारपेशींचा दुसरा प्रकार सूज धगधगती ठेवतो. खरी मेख मॅक्रोफेजची. एरवी हे सफाई करणारे, पण इथे त्यांच्या संकेतांमुळे फायब्रोब्लास्ट (ऊती विणणाऱ्या पेशी) कोलॅजन, म्हणजे व्रणाचे चिवट तंतू, रचत सुटतात आणि फुफ्फुस कडक होतं. झालेला व्रण सहसा भरून येत नाही, म्हणून ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाततज्ज्ञांना) लगेच दाखवा. एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि पीएफटी (फुफ्फुसांच्या क्षमतेची चाचणी) यांबद्दल विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका. गॅलरीत कबुतरं येत असतील तर तेही सांगा, पुण्यात हे फार महत्त्वाचं. त्यांच्यामुळेही असाच खोकला होतो.