तळ्याकाठची सायकल : वाचक विचारतात

प्रश्न : रोज सकाळी कंबर तलावाच्या बाजूनं सायकल चालवतो. पावसाळा संपल्यापासून आठवड्याला दोन पंक्चर ठरलेली. दुकानातून काढून आणलं तरी दोन दिवसांत पुन्हा हवा जाते. टायरच बदलू का? – वाचक, जुळे सोलापूर

टायर बदलायची घाई नको, आधी काटा शोधा. पावसात रस्त्याकडेला सराटा पसरतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास वाळतो. मग त्याची फळं फुटून सुटे काटे वाटेवर येतात. ते कसेही पडले तरी एक टोक वर राहतंच. दुसरा शत्रू वेडी बाभूळ. तिचा काटा लांब. बाहेरून उपटला तरी टोक टायरच्या रबरात मोडून राहतं आणि नव्या ठिगळाशेजारी पुन्हा भोक पाडतं. तुमचं दुखणं बहुधा हेच.

ट्यूब काढण्यापूर्वी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूनं खूण करा. हवा भरून ट्यूब पाण्याच्या बादलीत फिरवा. बुडबुडे व्हॉल्व्हपासून किती वितीवर येतात ते मोजा आणि खुणेच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर टायर तपासा. आतून फडकं फिरवा; अडकलं की काटा तिथंच. बोट फिरवू नका, रक्त निघेल. टोक चिमट्यानं काढा. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडे असेल तर काट्याचा संबंध नाही; रिमवरची पट्टी सरकून स्पोकचं टोक वर आलेलं असतं. शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चेपली.

ठिगळ सुटण्याचं कारण नेहमी एकच, उतावीळपणा. जागा पॉलिश पेपरनं घासा, धूळ पुसा. सोल्यूशन ठिगळापेक्षा थोडं मोठं, पातळ पसरा. पाच मिनिटं थांबा. चकाकी जाऊन बोटाला जेमतेम चिकटेल तेव्हाच ठिगळ ठेवून मिनिटभर घट्ट दाबा. ओल्यावर चिकटवलेलं उन्हात सुटतं.

हायब्रिड सायकलच्या ३८ मिमी टायरला ५० ते ६० पीएसआय, दोन इंची जाड टायरला ३० ते ४० पुरे. मात्र टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर गाभा काढून ट्यूबमध्ये साधारण ६० ते ९० मिली सीलंट (बारीक भोक आतूनच बुजवणारं द्रव) घालता येतं. बारीक काट्यांवर ते छान चालतं, पण आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरावं लागेल.

प्रश्न : पावसात कच्च्या वाटेनं गेलं की चाकं जाम होतात. चेनही गंजली. – वाचक, होटगी रोड

काळ्या मातीवर पाऊस पडून गेल्यावर सायकल घालायचीच नाही. ही माती फुगते, चिकटते आणि मडगार्ड व ब्रेकच्या फटीत गच्च बसते. जोर लावून पायडल मारलं तर गिअरचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) वाकतो. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरात असतो, तेव्हा तर डांबरी रस्ताच बरा. चुकून अडकलातच तर काडीनं माती काढा, सायकल उचलून बाहेर आणा. घरी साध्या पाण्याची हलकी धार द्या. गाडी धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं.

चेन रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. प्रत्येक कडीला एक थेंब तेल, पायडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा, दहा मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. वर राहिलेलं तेल धूळच ओढतं. खोबरेल नको. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ दिसलं तर त्यावर वळू नका, ब्रेकही मारू नका. सरळ जाऊ द्या.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये सायकल बंदच ठेवावी का? – वाचक, सात रस्ता

नाही, पण घड्याळ पाळा. पारा ४० च्या वर जातो त्या दिवसांत साडेपाचला निघा, साडेसातला घरी या. अंधार असेल तर पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा हवाच. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्या. तासापेक्षा जास्त चालवणार असाल तर एका बाटलीत लिंबू-साखर-मीठ. डोकं दुखलं, मळमळलं किंवा घाम अचानक थांबला तर सावलीत थांबा, डोकं-मान ओली करा आणि सोबत बोलवा. एकट्यानं घर गाठायचा हट्ट नको. दुपारी सायकल उन्हात उभी ठेवू नका. टायरमधली हवा फार वाढत नाही, पण ठिगळाचं सोल्यूशन मऊ पडतं.

प्रश्न : सकाळी फिरणारे घंटी वाजवली की दचकतात, रागावतात. – वाचक, विजापूर रोड

घंटी अगदी जवळ जाऊन वाजवता म्हणून. दहा-पंधरा मीटरवरून एकदाच वाजवा, वेग चालण्याच्या जवळ आणा आणि उजवीकडून जा. लहान मूल किंवा कुत्रा दिसला तर उतरा. व्यायामाचा वेग काढायचा असेल तर गर्दीची वाट ती जागा नव्हे.

प्रश्न : हिवाळ्यात पक्षी बघायला हिप्परग्याला सायकलनं जायचं आहे. – वाचक, भवानी पेठ

जरूर जा. हिप्परग्याचा तलाव, म्हणजेच एकरूख तलाव, हा आदिला नदीवरचा १८७१ चा मातीचा बांध. पाणी उतरून काठ उथळ झाला की पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेला हंस) आणि रोहित (फ्लेमिंगो) दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी सोयीचे. अडचण तुळजापूर रस्त्याची. अवजड वाहनं सतत असतात, त्यामुळं उजाडल्यावरच निघा, डाव्या कडेनं एकामागे एक चाला, अंगात भडक कपडे. काठावर पोचलात की सायकल दूर लावून पायी जा. पक्षी माना वर करू लागले की तिथंच थांबा. सुटी ट्यूब, पाना आणि पंप बरोबर ठेवा. सराटे तिथंही आहेतच.