गेटकडचे दिवे मिणमिणतात, पण दोष दिव्यांचा नाही

तुमची अडचण मला कळली ती अशी. चिपळूणजवळ घर, पडवीपासून गेटपर्यंत शंभरेक फूट बाग, आणि तुम्ही १२ व्होल्टचे, प्रत्येकी ५ वॉटचे १२ स्पाइक लाइट (जमिनीत खुपसायचे दिवे) आणून ठेवलेत. जमिनीवर वायर टाकून लावून बघितले तर गेटकडचे तीन-चार मिणमिणतात, म्हणून वायरमन म्हणतो हे परत करा, २३०चे बसवू. शिवाय गेटच्या खांबावरचा जुना दिवा असा की पाऊस लागला की अख्ख्या घराचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत प्रवाह झिरपला की वीज तोडणारा स्विच, पडतो.

दिवे परत करू नका. वायरमनने बहुतेक घरातली दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, वायर वापरली असणार. शंभर फूट म्हणजे ३० मीटर. जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. दीडच्या वायरीत त्याचा रोध साधारण ०.८ ओहम होतो. तुमचा भार ६० वॉट, १२ व्होल्टवर म्हणजे ५ अँपिअर. सगळे दिवे टोकाला असते तर ४ व्होल्ट वाटेतच गेले असते. ते वाटेत विखुरलेत म्हणून सव्वादोनच्या आसपास जातात, आणि शेवटच्याला दहासुद्धा पुरते मिळत नाहीत. हाच ६० वॉट २३० व्होल्टवर पाव अँपिअर होतो. घरातलं वायरिंग करताना हा हिशोब करायची वेळच येत नाही, म्हणून वायरमनच्या डोक्यात तो नाही.

आता आधी एका दिव्यावरचं लेबल वाचा. इनपुट १० ते ३० व्होल्ट असं छापलं असेल तर काम सोपं झालं. २४ व्होल्टचा ड्रायव्हर (२३०ची वीज कमी व्होल्टची करणारी पेटी) घ्या, अडीचची वायर टाका. प्रवाह निम्मा, म्हणजे वाटेतली व्होल्टची पडझडही निम्मी, आणि ती १२ऐवजी २४मधून जाते. टोकाला सगळा भार धरला तरी सव्वा व्होल्टच्या आतच राहते. लेबलवर नुसतं १२ लिहिलं असेल तर २४ अजिबात देऊ नका, दिवे जळतील. मग असं करा: पडवीतून बागेच्या मधोमध एका जंक्शन बॉक्सपर्यंत चारची वायर न्या, आणि तिथून दोन्ही बाजूंना अडीचची फांदी काढा, सहा-सहा दिवे. टोकापर्यंत साधारण १ व्होल्ट जाईल, पण दोन्ही टोकांना सारखाच. सगळे दिवे सारखेच थोडे मंद असतील तर डोळ्याला काही जाणवत नाही; एक लख्ख आणि एक मिणमिणता असला की लगेच खुपतं.

ड्रायव्हर १०० वॉटचा घ्या. ६० वॉटला ६०चाच लावला तर तो कायम तापलेला राहतो आणि लवकर मरतो. दुकानात 'रेनप्रूफ' म्हणून पत्र्याची पेटी मिळते, ती उभी टांगायची असते, टर्मिनलची बाजू खाली. आडवी ठेवली की पाणी आत. मी तर म्हणेन पडवीच्या छपराखालीच भिंतीवर लावा. खाली येणाऱ्या केबलला पेटीत शिरण्याआधी एक झोल द्या, म्हणजे ओघळ झोलाच्या तळाशी गळून पडतो.

आपल्याकडे खरा शत्रू आहे तो पाणी, आणि ते दिव्यात नाही, सांध्यात शिरतं. माझ्या पहिल्या खेपेला दिवे आयपी ६७चे, म्हणजे पाण्यात बुडाले तरी चालतील असे, चांगले महागातले होते. सांधे मात्र पीळ देऊन वर काळी इन्सुलेशन टेप, आणि तसेच मातीत. गणपतीपर्यंत पाच दिवे बंद. उकरून पाहिलं तर तांब्याची हिरवी भुकटी झालेली. डीसीवर ओल्या सांध्यात प्लसची तार तर भराभर खाल्ली जाते. त्यात दिवा संध्याकाळभर तापतो, बंद केल्यावर थंड होताना आतली हवा आकसते आणि सांध्याजवळचं पाणी केबलच्या तारांतूनच आत ओढून घेतो. लोक म्हणतात दिवा गळका निघाला! तेव्हापासून एकही सांधा मातीत नाही. प्रत्येक सांधा जमिनीपासून वीतभर वर, ग्लँडवाल्या (केबलभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचाच्या) बॉक्समध्ये, आणि आत जेल भरलेले कनेक्टर. बॉक्स घट्ट बंद असला की मुंग्याही घर करत नाहीत, नाहीतर ऑक्टोबरात बॉक्स उघडाल तेव्हा आत अंड्यांसकट वसाहत असते.

२४ किंवा १२ व्होल्टची केबल पाइपातून फूटभर खोल पुरेशी आहे. जांभ्यात त्याहून खोल चर खणणं म्हणजे माणसाचा जीव घेणं. पाइप मात्र सोडू नका, घुशी नुसती केबल ठेवत नाहीत. पाइपात पाणी भरणारच, ते गृहीत धरा आणि आत सांधा ठेवू नका.

गेटच्या दिव्याचं मात्र वेगळं. तो २३०वर आहे, आणि ट्रिप होतंय याचा अर्थ आरसीसीबी त्याचं काम करतोय. एमसीबीला ओल्या चिऱ्यातून जमिनीत झिरपणारा प्रवाह दिसत नाही, तो ओव्हरलोड आणि शॉर्टच ओळखतो. कुणीतरी नक्की सुचवेल की गेटची वायर आरसीसीबीच्या आधीच जोडून टाकू, कटकट संपेल. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. भिजलेल्या लोखंडी गेटला पोरं लोंबकळतात. बाहेरच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा वेगळा आरसीसीबी बसवून घ्या, म्हणजे पडलं तर बाहेरचं पडेल, फ्रिज चालू राहील. मग तो दिवा आणि त्याची वायर तपासायची. सरळ नवीनच टाकायची ठरली तर आर्मर्ड (आतून पोलादी तारांचं कवच असलेली) केबल, दोन-अडीच फूट खोल, आर्मरला अर्थिंग, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच. किंवा गेटचा दिवाही कमी व्होल्टेजच्या लाइनवर घ्या. मी तेच केलं. वळवाच्या विजांत ड्रायव्हर जातात, म्हणून बोर्डात सर्ज प्रोटेक्टरही बसवून घ्या.

दिवे कुठे लावायचे हे कागदावर ठरवू नका. आठवडाभर केबल जमिनीवरच राहू दे, रोज रात्री जागा बदला. माझ्याकडे सगळं छान जमलं होतं, पण झोपाळ्यावर बसल्यावर आईच्या थेट डोळ्यांत एक दिवा यायचा, ते चौथ्या दिवशी कळलं. माडाखाली स्पाइक लाइट नको. झावळ पडली की दिव्याचा चुरा, नारळ पडला तर बोलूच नका. आंब्याला खालून एक, फणसाला एक, पायरीला दोन, तुळशीपाशी एक. खरं तर बारा जास्तच आहेत, आठ लावून बघा. उजेडाचा रंग ३००० केल्विन किंवा त्याखाली, म्हणजे पिवळसर. ६५००च्या पांढऱ्या उजेडात झाडं आजारी दिसतात आणि किडेही जास्त जमतात. मे अखेरीला काजवे येतात तेव्हा मी मागची रांग बंदच ठेवतो.

सोलरचं विचारलंत. जूनपासून चार महिने ढग, वर झाडांची सावली. पैसे फुकट.

विजेची काळजी नको. रोज पाच तास म्हटले तरी महिन्याला नऊ-दहा युनिट.

चर खणलेला असतानाच पडवीच्या बाहेर झाकणवाला एक सॉकेट काढून घ्या, आकाशकंदिलासाठी. नाहीतर दरवर्षी खिडकीतून वायर येतेच. आणि बुजवण्याआधी प्रत्येक वळणावर, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असा टेप धरून फोटो काढा. पुढच्या वर्षी केळीसाठी खड्डा घेणारा माणूस तुम्हाला विचारायला येणार नाही, पण तुम्ही त्याला फोटो दाखवू शकाल.