'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाईल्स' आज बघावा का? बघावा, आणि दोनदा बघावा

तुम्ही विचारलंय की १९८७ चा 'प्लेन्स, ट्रेन्स अँड ऑटोमोबाईल्स' आज पहिल्यांदा बघितला तर हसू येईल का, घरात मुलांसोबत लावता येईल का, आणि अमेरिकेतले लोक तो दर नोव्हेंबरात पुन्हा का लावतात.

हसू येईल, भरपूर येईल. मुलं तेरा-चौदाच्या पुढची असतील तर बिनधास्त लावा. त्याहून लहान असतील तर एका प्रसंगाचं काय करायचं ते खाली सांगतो. लोक तो पुन्हा का बघतात, याचं उत्तर मात्र जरा मोठं आहे, कारण दुसऱ्यांदा बघताना हा चित्रपट वेगळाच निघतो. पुढे शेवटही सांगितलाय. बघायचा बाकी असेल तर ट्रंकेचा विषय सुरू होतो तिथे वाचणं थांबवा.

आधी पार्श्वभूमी. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था होते, ती त्या आठवड्यात अख्ख्या अमेरिकेची होते: विमानं भरलेली, हॉटेलं भरलेली, भाड्याची गाडी मिळेनाशी. चित्रपट लागला २५ नोव्हेंबर १९८७ ला, म्हणजे त्या वर्षीच्या सणाच्या आदल्याच दिवशी. नील पेज (स्टीव्ह मार्टिन) हा जाहिरात क्षेत्रातला टापटीप माणूस सणाच्या दोन दिवस आधी न्यूयॉर्कहून शिकागोला घरी निघतो. विमानाने दोन-अडीच तासांचं काम. पण शिकागोत बर्फाचं वादळ, आणि विमान उतरवतात कॅन्ससमधल्या विचिटाला. बघताना नकाशा शेजारी ठेवा. न्यूयॉर्क ते शिकागो हवाई अंतर साधारण ११५० किलोमीटर आणि विचिटा ते शिकागो साधारण ९५०. विमान घर ओलांडून पुढे गेलं आणि घर जवळजवळ तेवढंच लांब राहिलं. तिथून पुढे पिकअपच्या उघड्या हौद्यात, मग इंजिन बंद पडणारी रेल्वे, सेंट लुईसपर्यंत बस, तिथून भाड्याची गाडी आणि शेवटी माल गार ठेवणाऱ्या ट्रकच्या पोटात बसून शिकागो. लेखक-दिग्दर्शक जॉन ह्यूज स्वतः आधी जाहिरातीत होते. त्यांचंही न्यूयॉर्क-शिकागो विमान एकदा विचिटाला वळवलं गेलं होतं आणि घरी पोचायला पाच दिवस लागले होते. त्यामुळे यातला वैताग आतून माहीत असलेल्या माणसाने लिहिलाय, हे जाणवत राहतं.

नीलला या सगळ्यात सोबत मिळते डेल ग्रिफिथची. बाथरूमच्या पडद्याच्या कड्या विकणारा, धिप्पाड, अखंड बोलणारा फिरता विक्रेता. जॉन कँडीचं हे सर्वोत्तम काम आहे असं माझं ठाम मत आहे.

प्रवासात हाल होणारे विनोदी चित्रपट पुष्कळ आहेत. बहुतेकांत संकटं आभाळातून पडतात आणि म्हणून तासाभरात कंटाळा येतो. इथे वादळ सोडलं तर प्रत्येक संकटाला कारण आहे आणि ते कारण आधी दाखवलेलं असतं. विचिटात एकही खोली शिल्लक नाही, पण डेलला मिळते, कारण मोटेलचा मालक त्याचं जुनं गिऱ्हाईक. मग एकच खोली, एकच पलंग, आणि पलंगावर फुटलेले बिअरचे डबे. रात्री चोर येऊन दोघांचे पैसे नेतो, म्हणून पुढचा सगळा प्रवास कार्डावर. मोटेलच्या काउंटरवर नीलचं कार्ड चुकून डेलकडे गेलेलं असतं, म्हणून डेलला भाड्याची गाडी मिळते. आणि ती गाडी जळते ती डेलने बेफिकिरीने भिरकावलेल्या सिगारेटमुळे, नीलची कार्डं असलेल्या पाकिटासकट. या साखळीत नीलचं एकेक चिलखत गळत जातं: पहिल्या वर्गाची जागा, रोकड, कार्ड, शेवटी हातातलं घड्याळ. पैशाने वाट काढणारा माणूस हळूहळू फक्त माणूस उरतो. सुरुवातीला टॅक्सी मिळावी म्हणून तो एका अनोळखी वकिलाला ७५ डॉलर द्यायला तयार होतो. शेवटी मोटेलच्या खोलीसाठी त्याच्याकडे १७ डॉलर आणि ते घड्याळ असतं. दोन्ही प्रसंग लक्षात ठेवून बघा.

आता तो मुलांसमोर अडचणीचा प्रसंग. सेंट लुईसला बस नीलला भाड्याच्या गाड्यांच्या तळावर सोडून निघून जाते, गाडीची जागा रिकामी असते, आणि रागाच्या भरात तो हातातला करारनाम्याचा कागद फेकून देतो. कॅमेरा ते नीट दाखवतो, पण आपलं लक्ष त्याच्या रागाकडे असतं. मग बर्फातून, हमरस्त्यावरून, धावपट्टी ओलांडून तो पायी काउंटरवर पोचतो. तिथली बाई (एडी मॅक्लर्ग) फोनवर सणाच्या जेवणाचे बेत गोड आवाजात ठरवत असते. ती फोन ठेवते, हसून मदत विचारते, आणि नील सुमारे एका मिनिटात दीड डझन वेळा एकच इंग्रजी शिवी देतो. ती शांतपणे कागद मागते. कागद फेकलेला. मग तीच शिवी ती एकदाच वापरते आणि प्रसंग संपतो. पूर्ण मिनिटभर जमवलेला राग एका वाक्यात पंक्चर होतो, आणि तो होतो नीलच्याच आततायीपणामुळे. या एका प्रसंगासाठी चित्रपटाला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. बाकीचा चित्रपट त्या मानाने सौम्य आहे. लहान मुलं असतील तर नील काउंटरवर पोचताच आवाज बंद करा. सौम्य केलेली, टीव्हीसाठी डब केलेली आवृत्ती मात्र टाळा. त्यात शिव्यांच्या जागी भलतेच शब्द आहेत आणि लय पार मरते. लांबी दीड तासाच्या थोडी वर असेल तर आवृत्ती पूर्ण आहे असं समजा.

सबटायटल्स लावून बघा. कँडी बरंच काही तोंडातल्या तोंडात बोलतो आणि त्यातच निम्मी गंमत आहे. जळून सांगाडा झालेल्या गाडीतून जाताना पोलीस अडवतो, तेव्हा गाडीचा रेडिओ अजून कसा छान चालतो हे डेल त्याला मनापासून समजावतो. तेवढं एक वाक्य हुकलं तरी हळहळ वाटेल.

आणि आता ट्रंक. डेलची ती भली मोठी पेटी डेलच्याही आधी पडद्यावर येते. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर टॅक्सीसाठी एका अनोळखी माणसाशी (अभिनेता केव्हिन बेकन) शर्यत लावताना नील तिच्यावरच अडखळून पडतो. पुढे पिकअपमध्ये, रेल्वेतून उतरून शेतातून जाताना, ती सतत सोबत. पहिल्यांदा बघताना ती अडगळ वाटते. विक्रीच्या दोन-चार दिवसांच्या फेरीला निघालेला माणूस एवढं सामान का वागवतो, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. दुसऱ्यांदा बघताना आणखी गोष्टी दिसतात. नील संधी मिळेल तिथून बायकोला फोन करतो, डेल घरी एकदाही करत नाही. आपल्या बायकोचा, मरीचा, फोटो डेल मोटेलमध्ये उशाशी मांडतो. कित्येक वर्षांत घरी गेलो नाही, असंही तो बोलून जातो. सगळं आपल्यासमोर उघड ठेवलेलं असतं आणि आपण हसत असतो.

मोटेलमधला पहिल्या रात्रीचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा बघाच. नील डेलच्या बडबडीवर तुटून पडतो आणि बोलणं खरोखर विनोदी असल्यामुळे आपण नीलच्या बाजूने असतो. मग कॅमेरा डेलच्या चेहऱ्याकडे वळायला लागतो. प्रत्येक वेळी तो चेहरा थोडा अधिक पडलेला. तो उत्तर देतो तेव्हा आवाज चढवत नाही. मी आहे तसा मला पटतो, बायकोला आवडतो, गिऱ्हाइकांना आवडतो, एवढंच सांगतो. बायकोबद्दल वर्तमानकाळात बोलतो. मरी आठ वर्षांपूर्वी वारली आहे, हे कळायला आपल्याला शेवटपर्यंत थांबावं लागतं.

शिकागोच्या लोकल गाडीत एकटा बसलेला नील हे तुकडे जुळवतो आणि उलटा फिरून डेलला घेऊन येतो. संवाद जवळजवळ नाहीच. नीलचा विचारात हरवलेला चेहरा खोटा वाटत नाही, त्याला कारण आहे: चित्रीकरणाच्या मधल्या वेळात मार्टिन पुढचे संवाद आठवत बसला होता, आणि ह्यूजनी त्याला न सांगता कॅमेरा चालू ठेवला होता. शेवटाची मांडणीही संपादक पॉल हर्श यांच्यासोबत संपादनाच्या टेबलावर बदलली गेली.

चित्रपटात उणं एकच आहे, नीलची बायको सुझन. ती फोनच्या दुसऱ्या टोकाला फक्त काळजी करते, आणि शेवटी जिन्यावरून डेलकडे इतकी हेलावून बघते की आपण जरा बुचकळ्यात पडतो. याचं कारण कात्रीत आहे. पहिली जुळणी तीन तासांच्या वर होती. त्यात सुझनला संशय आलेला असतो की हा डेल वगैरे कोणी नाहीच, नवऱ्याचं बाहेर काहीतरी चालू आहे. तो धागा कापला गेला, पण तिची शेवटची नजर तशीच राहिली. २०२२ च्या फोर-के डिस्कमध्ये वगळलेले प्रसंग तासाभराहून जास्त आहेत. ते चित्रपट दोनदा बघून झाल्यावरच बघा. आधी बघितलेत तर डेलचं गुपित विस्कटेल.

आवडला तर पुढे दोन बघा. कमल हासन आणि माधवनचा तमिळ 'अन्बे शिवम' (२००३) इथूनच बीज घेतो: पावसामुळे भुवनेश्वरला अडकलेली दोन परस्परविरोधी माणसं चेन्नईला निघतात. उत्तरार्धात तो राजकारण आणि श्रद्धेकडे वळतो आणि स्वतःच्या पायावर उभा राहतो. दुसरा 'होम अलोन' (१९९०), तोही ह्यूजनीच लिहिलेला. त्यात विमान न मिळालेल्या आईला आपल्या गाडीतून शिकागोकडे घेऊन जाणारा बँडवाला जॉन कँडीच आहे. वाट्याला आलेत थोडेच प्रसंग, पण डेल बघून झाल्यावर ते बघायला वेगळीच मजा येते.